अपग्रेड झाले, डेस्कटॉप गेला

ऑक्टोबर २०१६ मध्ये फेडोराच्या गुणवत्ता-तपासणी चमूतल्या अ‍ॅडम विल्यमसन यांनी फेडोरा २४ वापरणाऱ्यांना एक तातडीची सूचना दिली. डेस्कटॉपवर उघडलेल्या टर्मिनलमध्ये अपडेट चालवू नका, असे त्यांचे सांगणे होते. सिस्टमडी-यूडेव्ह हे पॅकेज बदलले जात असताना दोन ग्राफिक्स चिप असलेल्या काही लॅपटॉपवर पडद्यावरचे चित्र सांभाळणारा एक्स सर्व्हर कोसळत होता. एक्स पडला की डेस्कटॉप पडे, डेस्कटॉपबरोबर त्यातले टर्मिनल बंद होई आणि टर्मिनलमध्ये अर्ध्यावर पोचलेले अपडेटही तिथेच मरे. मशीन पुन्हा सुरू केल्यावर एकेका पॅकेजच्या जुन्या आणि नव्या अशा दोन-दोन नोंदी दिसत, आणि पुढचे कोणतेही अपडेट त्या नोंदींना अडखळे.

अपग्रेडनंतर डेस्कटॉप न उघडणे ही लिनक्सवरची सर्वांत धास्तीची घटना आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमजही आहेत. मशीन 'उगाच' बिघडले, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात फेडोरासारखी साखळी जवळपास प्रत्येक वेळी सापडते आणि तिच्या बऱ्याच कड्या आधीच पडद्यावर किंवा लॉगमध्ये लिहिलेल्या असतात. आपल्याकडे संगणक बिघडला की दुकानदार 'फॉरमॅट मारून देतो' म्हणतो. विंडोजच्या काळातली ही सवय लिनक्सवर आणली, तर दुरुस्त होण्याजोगी यंत्रणा पुसली जाते आणि बिघाडाचे कारणही तिच्याबरोबर जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या लॅपटॉपांना लिनक्स मिंट किंवा उबुंटू हा सरळ पर्याय असल्याने पहिल्या मोठ्या अपग्रेडला सामोरे जाणारे नवे लोक आता बरेच असणार. त्यांच्यासाठी तरी हा प्रश्न नीट मांडायला हवा.

डेस्कटॉप म्हणजे एक प्रोग्राम, अशी समजूत असेल तर काहीच उलगडत नाही. लॉगिनचा पडदा दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर वेगळा, खिडक्या रंगवणारा कंपोझिटर वेगळा, पॅनेल वेगळे, सेटिंग्ज साठवणारी सेवा वेगळी. त्यांच्याखाली जीटीके किंवा क्यूटीसारख्या लायब्ररी, त्याखाली ग्राफिक्सचे ड्रायव्हर आणि तळाशी कर्नल. हे सगळे एकत्र आणण्यासाठी 'उबुंटू-डेस्कटॉप'सारखे मेटापॅकेज असते. मेटापॅकेज म्हणजे वाण्याला दिलेली यादी. तिच्यात स्वतःचा माल काहीच नाही, फक्त काय काय हवे त्याची नावे आहेत.

ही यादीच पुष्कळदा घात करते. डेबियनवर 'ग्नोम' हे मेटापॅकेज घेतलेल्या माणसाला त्यातला एखादा नको असलेला प्रोग्राम काढावासा वाटतो. तो काढला की यादी अपुरी पडते, म्हणून मेटापॅकेजही निघते. इथपर्यंत पडद्यावर काहीच बदललेले दिसत नाही. पण आता उरलेली शेकडो पॅकेजे 'आपोआप आलेली आणि कुणाला न लागणारी' ठरू शकतात. काही दिवसांनी जागा मोकळी करायला म्हणून अशी पॅकेजे काढणारा ऑटोरिमूव्ह हा हुकूम चालवला जातो, आणि एपीटी, म्हणजे पॅकेजे बसवणारे-काढणारे साधन, त्यांपैकी बरीचशी उचलून टाकायला तयार होते. प्रत्येक पायरीवर एपीटी नियमानेच वागलेले असते आणि काय काय काढणार त्याची यादीही दाखवते. ती वाचली जात नाही.

यादी न वाचण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण नोव्हेंबर २०२१ मधले. लायनस टेक टिप्स या यूट्यूब वाहिनीचे लायनस सेबॅस्टियन पॉप ओएस या लिनक्स वितरणावर स्टीम हा खेळांचा प्रोग्राम बसवत होते. स्टीमला ३२-बिट लायब्ररी लागतात आणि त्या वेळी पॅकेजांच्या भांडारातल्या ३२-बिट आणि ६४-बिट आवृत्त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. चित्रमय दुकानाने स्टीम बसवायला नकार दिला, म्हणून ते टर्मिनलकडे वळले. एपीटीने तिढा सोडवण्याचा मार्ग काढला तो असा, की स्टीम येईल पण डेस्कटॉप जाईल. तसा स्पष्ट इशारा त्याने दिला आणि पुढे जायचे असेल तर 'येस, डू अ‍ॅज आय से!' हे वाक्य टंकायला सांगितले. सेबॅस्टियन यांनी ते टंकले. त्यानंतर उरली ती काळ्या पडद्यावरची मजकुरी लॉगिन-ओळ.

तेव्हा वाद दोन टोकांचा झाला. एका बाजूचे म्हणणे, इशारा होता आणि माणसाने वाचला नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, एक प्रोग्राम बसवताना डेस्कटॉप उडवण्याचा पर्याय समोर यावाच कशाला? दुसरी बाजू अधिक बरोबर होती, हे एपीटीच्या विकासकांनी कृतीतून मान्य केले. त्याच महिन्यात त्यांनी एपीटी बदलले आणि अत्यावश्यक पॅकेजे केवळ एक वाक्य टंकून काढण्याची वाट बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये एपीटी ३.० आहे. त्यात काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची नावे लाल रंगात वेगळी दिसतात. हा छोटासा बदल खूप आधी व्हायला हवा होता.

एपीटीचे दोन हुकूम सारखेच वाटतात, पण त्यांच्यातला फरक माहीत नसल्यामुळे पुष्कळ नुकसान होते. साधे 'अपग्रेड' बसवलेले कोणतेही पॅकेज काढत नाही. अडले तर ते पॅकेज मागे ठेवते. 'फुल-अपग्रेड' मात्र वाट मोकळी करण्यासाठी पॅकेजे काढूही शकते. उबुंटूवर काही पॅकेजे 'मागे ठेवली' असा संदेश आला की लोक घाबरतात आणि ती एकेक करून जबरदस्तीने बसवतात. बहुतेक वेळा तिथे काहीच बिघडलेले नसते. उबुंटू बरीच अपडेटे टप्प्याटप्प्याने सोडते: आधी थोड्या मशीनना, तक्रारी आल्या नाहीत तर हळूहळू सर्वांना. २१.०४ पासून खुद्द एपीटीही हे टप्पे पाळते. आपला टप्पा आलेला नसेल, तर दोन-चार दिवस थांबणे एवढेच काम असते.

एपीटीला असे अवघड पर्याय निवडावे लागतात, त्यामागे बऱ्याचदा बाहेरची भांडारे असतात. एखाद्या प्रोग्रामची नवी आवृत्ती हवी म्हणून पीपीए, म्हणजे उबुंटूसाठीचे असे बाहेरचे भांडार, जोडले जाते, ते एखादी लायब्ररी वितरणातल्या आवृत्तीपेक्षा पुढे नेते, आणि दोन वर्षांनी मोठे अपग्रेड करताना त्या पुढे गेलेल्या लायब्ररीशी नव्या वितरणाचे काहीच जुळत नाही. उबुंटूचे अपग्रेड साधन बाहेरची भांडारे बंद करते, पण त्यांतून आधीच आलेली पॅकेजे मशीनवर तशीच राहतात. ती मूळ आवृत्तीवर आणायला पीपीए-पर्ज हे साधन आहे, आणि ते अपग्रेडच्या आधी चालवायचे असते. वेगवेगळ्या आवृत्त्यांची भांडारे एकत्र केलेल्या यंत्रणेला डेबियनच्या जगात 'फ्रँकनडेबियन' म्हणतात. एपीटीचा 'पॉलिसी' हा हुकूम कोणते पॅकेज कोणत्या भांडारातून आले ते सांगतो. डिपेंडन्सीच्या तिढ्यात सर्वांत आधी तोच चालवायला हवा.

सगळा दोष वापरणाऱ्याचाच असतो असेही नाही. २०२४ च्या सुरुवातीला डेबियनने एक प्रचंड बदल हाती घेतला. ३२-बिट वेळमोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. त्यासाठी वेळेचा आकडा ६४-बिट करायचा होता, आणि त्यापायी शेकडो लायब्ररींची पुन्हा बांधणी करून त्यांच्या पॅकेजांना 'टी६४' हे शेपूट जोडले गेले. नवी लायब्ररी आली की जुनी काढायची, असे ठरले. डेबियनच्या अस्थिर शाखेवर, म्हणजे सिडवर, काही आठवडे अर्धी पॅकेजे नव्या नावाची तर अर्धी जुन्या नावाची होती. त्या काळात फुल-अपग्रेड म्हटले की एपीटी डेस्कटॉपचा मोठा भाग काढायला निघे. ज्यांनी 'नाही' म्हटले आणि वाट पाहिली, त्यांचे काही गेले नाही.

त्यातच जीलिब या लायब्ररीचा एक दोष उघड झाला. जुन्या जीलिब पॅकेजात ते काढताना चालणारी एक छोटी स्क्रिप्ट होती, आणि ती सेटिंग्जच्या आराखड्यांची तयार केलेली फाइल पुसून टाके. पॅकेज खरोखर काढले जात असेल तर हे योग्यच. पण आता जुने नाव जाऊन तेच काम करणारे नवे नाव येत होते. नव्याने बनवलेली फाइल जुन्या पॅकेजची स्क्रिप्ट मागाहून येऊन पुसून टाकी. मग ग्नोमचे प्रोग्राम 'यंत्रणेत सेटिंग्जचे आराखडेच नाहीत' अशी तक्रार करून बंद पडत. लायब्ररी जागेवर होती, प्रोग्राम जागेवर होते, गेली होती फक्त एक फाइल. अशा वेळी माणूस जर सगळे पुन्हा बसवायला बसला, तर त्याचा दिवस वाया जाणार. तक्रारीतले शब्द वाचून ती फाइल पुन्हा तयार करणाऱ्याचे काम एका हुकमात होणार. डेबियनच्या देखभाल करणाऱ्यांनी नंतर नव्या पॅकेजकडूनच ती जुनी स्क्रिप्ट आधी हटवण्याची व्यवस्था केली.

आता समजा, काळा पडदा समोर आलाच आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबले की बहुतेक वेळा मजकुरी लॉगिन मिळते, म्हणजे यंत्रणा जिवंत असते. पहिला प्रश्न जागेचा. रूट किंवा बूट विभाग भरलेला असेल तर नव्या कर्नलची फाइल अर्धवट लिहिली जाते आणि पुढचे सगळे खोळंबते. जुनी कर्नल साठत गेलेल्या छोट्या बूट विभागांत हे वारंवार घडते. दुसरा प्रश्न अर्धवट राहिलेल्या पॅकेजांचा. एपीटीच्या खाली काम करणाऱ्या डीपीकेजीला सर्व पॅकेजे 'कॉन्फिगर' करायला सांगायचे, मग एपीटीला 'फिक्स-ब्रोकन'चा पर्याय द्यायचा. बऱ्याच मशीन एवढ्यावरच उठून बसतात. 'लॉक' असल्याचा संदेश आला तर लॉकची फाइल पुसण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो धोक्याचा आहे. बहुतेक वेळा मागे स्वयंचलित सुरक्षा-अपडेट खरोखरच चालू असते, आणि कुलूप मोडले तर दोन प्रक्रिया एकाच नोंदवहीत एकदम लिहू लागतात.

नंतर पाळी लॉगची. एपीटीच्या इतिहासाच्या फाइलमध्ये कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या हुकमाने काय आले आणि काय गेले ते सगळे असते. फेडोरावर 'डीएनएफ हिस्टरी' तेच दाखवते आणि एखादा व्यवहार उलटवूही देते. यंत्रणेच्या नोंदी ठेवणाऱ्या जर्नलला आधीच्या बूटची नोंद मागता येते. डेस्कटॉप कालपर्यंत नीट होता आणि आज नाही, तर या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहिल्यावर कारण पुष्कळदा नजरेत भरते.

ग्राफिक्सचा थर वेगळ्या तऱ्हेने दगा देतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर डीकेएमएसमधून येत असेल तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो मशीनवरच पुन्हा बांधला जातो. कर्नलच्या हेडर फाइली नसतील तर बांधणी फसते. सिक्युअर बूट चालू असेल तर बांधलेल्या मोड्यूलवर सही लागते, आणि त्या सहीची किल्ली नोंदवण्यासाठी पुढच्या बूटच्या वेळी एक निळा पडदा येतो. अनेक जण तो ओलांडून सरळ पुढे जातात. मग ड्रायव्हर चढत नाही. दोष डेस्कटॉपच्या माथी येतो. ग्रब या बूटच्या मेनूतून जुने कर्नल निवडून पाहिले आणि पडदा आला, तर शोध इथेच करायचा हे ठरते.

तिसरा थर घरचा, म्हणजे होम फोल्डरमधल्या सेटिंग्जचा. पॅकेजे शाबूत आहेत, ड्रायव्हर शाबूत आहे, तरी लॉगिन केले की पॅनेल गायब किंवा ग्नोमचा 'काहीतरी बिघडले' असा पांढरा पडदा. यावर सर्वांत चांगली चाचणी म्हणजे मजकुरी लॉगिनवरून नवा युजर तयार करून त्याने डेस्कटॉप उघडणे. नव्या युजरला सगळे व्यवस्थित दिसले तर पॅकेजांना हात लावायचे कारणच उरत नाही. केडीईच्या प्लाझ्मा या डेस्कटॉपात पॅनेल आणि विजेटांची मांडणी कॉन्फिग फोल्डरातल्या एका फाइलमध्ये असते. तिचे नाव बदलून पुन्हा लॉगिन केले की प्लाझ्मा नवी कोरी मांडणी उभी करतो. अख्खे कॉन्फिग फोल्डर उडवायची गरज नसते, आणि फाइल पुसण्यापेक्षा तिचे नाव बदलणे केव्हाही बरे.

ग्नोममध्ये या थरातला नेहमीचा संशयित एक्स्टेन्शन असतो. एक्स्टेन्शन थेट ग्नोम शेलच्या, म्हणजे डेस्कटॉप चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, आत चालते, त्यामुळे त्यातली चूक शेललाच खाली ओढू शकते. प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये ते ग्नोमच्या कोणत्या आवृत्त्यांसाठी आहे ते लिहिलेले असते, आणि ती ओळ हाताने बदलून जुने एक्स्टेन्शन नव्या शेलवर चालवण्याची युक्ती बरीच वर्षे चालली. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्नोम ४५ आला आणि जावास्क्रिप्ट मोड्यूल आत घेण्याची पद्धतच बदलली. ४४ पर्यंतचे प्रत्येक एक्स्टेन्शन त्या दिवशी बाद झाले; आवृत्तीचा आकडा बदलून आता भागत नव्हते, कोड नव्याने लिहावा लागत होता. डॉक, ट्रे आणि खिडक्यांची मांडणी या सगळ्यांसाठी एक्स्टेन्शनवर विसंबून राहिलेल्या माणसाला अपग्रेडनंतर डेस्कटॉप ओळखीचाच वाटेना. त्याच्या दृष्टीने तो बिघाडच.

अशा बदलांना बिघाड म्हणावे की निर्णय, हा वाद जुना आहे. ११ जानेवारी २००८ रोजी केडीई ४.० प्रसिद्ध झाले तेव्हा ते रोजच्या वापराला तयार नव्हते, तरी मे २००८ च्या फेडोरा ९ मध्ये ते वापरणाऱ्यांच्या पुढ्यात आले. खुद्द लिनक्सचे कर्ते लायनस टोरवाल्ड्स यांनी केडीई सोडून ग्नोम धरले. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आला, जुने पॅनेल आणि मेनू गेले, आणि टोरवाल्ड्स तिथूनही उठून एक्सएफसीईकडे गेले. ग्नोम २ च्या कोडवरून माटे उभा राहिला, तर लिनक्स मिंटने सिनॅमन बांधला. आज मिंट वापरणारा जो डेस्कटॉप पाहतो, तो एका अपग्रेडवरच्या नाराजीतून जन्मलेला आहे. केडीईने मात्र धडा घेतला. २८ फेब्रुवारी २०२४ ला प्लाझ्मा ६ आला तेव्हा खालचे क्यूटी बदलले होते, पण वरची मांडणी बहुतांशी तीच ठेवली होती. त्यामुळे २००८ सारखा हाहाकार झाला नाही. मोठी उडी घेताना माणसाच्या हाताची सवय मोडायची नाही, हा शहाणपणा उशिरा का होईना आला.

सध्याची मोठी उडी पडद्यावर चित्र दाखवण्याच्या जुन्या पद्धतीकडून, म्हणजे एक्स११ कडून, वेलँड या नव्या पद्धतीकडे आहे. एक्स११ हा प्रोटोकॉल १९८७ चा, वेलँडचे काम २००८ मध्ये सुरू झाले. जून २०२५ मध्ये आर्च लिनक्सवर प्लाझ्मा ६.४ आला तेव्हा क्विन या कंपोझिटरचे वेलँड आणि एक्स११ असे दोन तुकडे झाले होते. एक्स११ चे सत्र वापरणाऱ्यांनी त्याचे पॅकेज स्वतःहून बसवायचे होते. न बसवणाऱ्यांना लॉगिनच करता येत नव्हते. आर्चच्या बातम्यांत हे आधी लिहिलेले होते. आर्चवर अपडेट करण्यापूर्वी त्या चार ओळी वाचणे हा अपग्रेडचाच भाग आहे. शिवाय अर्धवट अपडेट, म्हणजे भांडाराची यादी ताजी करून एकच पॅकेज बसवणे, तिथे मान्यच नाही.

मराठी टंकणाऱ्यांना वेलँडचा फटका वेगळ्या जागी बसतो. ग्नोममध्ये आयबस हे वेगवेगळ्या भाषा टंकण्याचे साधन शेलशीच जोडलेले असल्याने मराठी इनस्क्रिप्ट सहसा सुरळीत चालू राहते. प्लाझ्मामध्ये एक्स११ च्या काळी आयबस स्वतंत्रपणे सुरू होई आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून प्रोग्रामांना त्याचा पत्ता मिळे. वेलँडवर ते काम क्विनकडून व्हावे लागते. अपग्रेडनंतर एका खिडकीत मराठी उमटते, दुसरीत रोमन अक्षरेच येतात, अशी विचित्र अवस्था होते, आणि माणूस कीबोर्ड लेआउटची पॅकेजे काढून-घालून थकतो. उपाय सेटिंग्जमधल्या 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या पानावर असतो. तिथे 'आयबस वेलँड' निवडून पुन्हा लॉगिन करायचे. खऱ्या कीबोर्डची सोय व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर ठेवणे ही मांडणीतली मोठी उणीव आहे. अक्षरे तुटक दिसू लागली तर मात्र प्रश्न फॉन्टचा. मराठीसाठी यंत्रणा कोणता फॉन्ट निवडते आहे ते फॉन्टकॉन्फिगला विचारता येते, आणि लोहित देवनागरी बसवलेला आहे ना, एवढे पाहून घेता येते.

परतीच्या वाटेबद्दल थोडे. डेबियन आणि उबुंटू पॅकेजे मागच्या आवृत्तीवर नेण्याची हमी देत नाहीत, त्यामुळे 'अपग्रेड उलटे करू' हा विचार आधीच सोडावा. ओपनसुसेने २०१४ च्या १३.२ आवृत्तीपासून रूटसाठी बीटीआरएफएस ही फाइल-यंत्रणा धरली आणि स्नॅपर हे साधन प्रत्येक बदलाच्या आधी-नंतर स्नॅपशॉट घेऊ लागला. बिघडले तर बूटच्या मेनूतून कालच्या स्थितीत जाता येते. फेडोरा सिल्व्हरब्लूमध्ये जुनी आणि नवी अशा दोन अख्ख्या यंत्रणा बाजूबाजूला राहतात. निक्सओएस तर प्रत्येक बदलाची पिढी जपून ठेवते. मिंटचे अपग्रेड साधन टाइमशिफ्टच्या स्नॅपशॉटशिवाय पुढे जात नाही, हे त्याचे मोठेपण. टाइमशिफ्ट मुळात होम फोल्डर धरत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे: यंत्रणा मागे जाते, फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळीच घ्यावी लागते.

एक जुनी वाट मात्र आता बंद होते आहे. सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ मध्ये एक्स११ चे सत्र मुळातच बंद ठेवलेले आहे आणि उबुंटू २५.१० मधून ते गेले आहे. केडीईनेही प्लाझ्मा ६.८ पासून एक्स११ चे सत्र नसेल असे जाहीर केले आहे. म्हणजे २४.०४ वरून २६.०४ कडे जाणाऱ्या उबुंटूकराला लॉगिनच्या पडद्यावर जुने सत्र निवडायची पळवाट उरणार नाही. म्हणून अपग्रेडच्या आधी नव्या आवृत्तीचा लाइव्ह यूएसबी करून त्यावर मशीन सुरू करावे, आणि मराठी कीबोर्ड, प्रोजेक्टर, स्क्रीन-शेअर व प्रिंटर एकेक करून तपासावेत. यांतले जे अडेल त्याचा उपाय जुनी यंत्रणा हाताशी असतानाच शोधावा, आणि सापडला नाही तर २४.०४ चा आधार २०२९ पर्यंत आहेच.